मॉडेल टी भारी का ५७ ची बेल एअर? बाबांचं आणि माझं जमेना

कृष्णाकाठ :

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तो लांबणार आहे हे आधीच सांगतो.

बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मिशिगनला आलेत. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली त्यांची, त्यामुळे तळी दाखवली, मॉल दाखवले, पण माणूस काही खुलेना. मग एका शनिवारी त्यांना कलामझूजवळ हिकरी कॉर्नर्सला गिलमोर म्युझियममध्ये नेलं. तिथे फोर्डची मॉडेल टी नुसती बघायला नाही तर चालवायला शिकवतात, मी आधीच नावं नोंदवली होती. आणि पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी त्यांच्या १९५७ च्या शेवरले बेल एअरमधून आम्हाला तासभर फिरवून आणलं. आठ दिवसांत दोन गाड्या, आणि तेव्हापासून रोज रात्री जेवताना हाच विषय. मी टीच्या बाजूने, बाबा बेल एअरच्या. म्हटलं इथे विचारावं.

आधी टी. १ ऑक्टोबर १९०८ ला आली, पाच सीटवाली ८५० डॉलरला. १९२५ पर्यंत दोन सीटवालीची किंमत २६० डॉलरवर आली होती आणि मे १९२७ मध्ये बंद झाली तोवर दीड कोटी बनल्या. हा विक्रम १९७२ ला फोक्सवॅगनच्या बीटलने मोडला. हे आकडे सगळ्यांनी वाचलेले असतात, पण गाडीत बसलं की आपलं सगळं ड्रायव्हिंग बाहेर ठेवून बसावं लागतं. पायाशी तीन पेडल, त्यात ॲक्सिलरेटर नाहीच. डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, पूर्ण सोडलं की दुसरा, मधे धरलं की न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्स, उजवं ब्रेक. ॲक्सिलरेटर म्हणजे स्टिअरिंगखाली उजव्या हाताची बारीक दांडी, आणि डाव्या हाताला तशीच दुसरी, तिने इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी लवकर पाडायची का उशिरा ते आपण ठरवायचं. वेग वाढला की ती दांडी थोडी खाली घ्यायची आणि इंजिनाचा आवाज लगेच मोकळा होतो, हे कानाला कळतं अगदी. २० हॉर्सपॉवरचं २.९ लिटरचं इंजिन, पण ते काय करतंय ते आपल्याला माहीत असतं कारण ते आपणच करवून घेत असतो. मला जे आवडलं ते हेच.

सुरू करायचा प्रकार तर बघण्यासारखा. आमच्या गाडीला स्टार्टर होता पण शिकवणाऱ्या आजोबांनी हँडलनेच सुरू करून दाखवली. ठिणगीची दांडी वर म्हणजे टायमिंग मागे, हे विसरलं तर हँडल उलटं मारतं आणि मनगट मोडतं. मग रेडिएटरच्या खालून आलेली चोकची तार ओढून हँडल थोडं फिरवायचं, मग किल्ली, मग डाव्या हाताने खालून वर झटका. अंगठा हँडलभोवती न्यायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. बाबांची पाळी आली तेव्हा आजोबा अंगठ्याचं दाखवायला पुढे झाले, तर बाबांनी अंगठा आधीच बाजूला घेतलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि पुढचा अर्धा तास दोघांनी मला काहीही विचारलं नाही. बोनेट उघडून चाललं होतं दोघांचं.

आता बेल एअर. चार दरवाजांची, खाली निळी आणि वर पांढरट, त्या पांढऱ्याचं कंपनीचं नाव इंडिया आयव्हरी हे ऐकून आई खूश. पाच मीटर लांब गाडी, मागे पंख, पंखांवर रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा, ४.६ लिटरचं व्ही८ आणि ऑटोमॅटिक गिअर. किल्ली फिरवली, सुरू झाली, निघाली. सीट म्हणजे सोफा. रस्त्यात खड्डा आला तर तो बोटीत बसल्यासारखा कुठेतरी खालून जातो. पंपावर थांबलो तर बाबा टाकीचं झाकण शोधतायत, सापडेना. मागच्या डाव्या पंखाची उभी क्रोमची पट्टी दारासारखी उघडते, त्याच्या आत आहे. बाबांनी ती पट्टी चारदा उघडून लावून बघितली.

मला वाटलं होतं बाबा टीच्या प्रेमात पडतील, मेकॅनिक माणूस, सगळं उघडं दिसतंय. तर म्हणाले, "मळ्यातल्या इंजिनाच्या हँडलने तुझ्या चुलतआजोबांचा हात मोडलेला मी बघितलाय. ज्याने रोज हँडल मारलंय त्याला विचार किल्लीची किंमत. ती दुसरी गाडी ज्यांनी केली त्यांनी चालवणाऱ्याचा विचार केलाय." माझं म्हणणं उलट आहे, टीने चालवणाऱ्याला शहाणा धरलंय आणि बेल एअरने त्याला पाहुणा धरलंय.

बोला मंडळी.

गुलमोहर :

काय सुंदर लिहिलंय! मला गाड्यांतलं फार कळत नाही पण अंगठ्याचं वाचून अंगावर काटा आला, माझे आजोबा पिठाच्या गिरणीचं इंजिन असंच सुरू करायचे आणि आम्हा पोरांना तिथे फिरकू द्यायचे नाहीत. एक प्रश्न, टीला दोनच गिअर? मग घाट कसा चढायची ती?

चौदाचा_पाना :

@गुलमोहर, चढ फार असेल तर उलटी चढायची, खरंच. दोन कारणं. एक म्हणजे पेट्रोल पंप नाही, बहुतेक मॉडेलांत टाकी पुढच्या सीटखाली आणि पेट्रोल नुसतं उतारानं कार्बोरेटरकडे जाणार. चढावर नाक वर झालं आणि टाकी अर्धी रिकामी असली की पेट्रोल पोचत नाही. गाडी वळवून उलटी घातली की टाकी वर आणि इंजिन खाली. दुसरं म्हणजे रिव्हर्स गिअर पहिल्यापेक्षाही ताकदीचा आहे, पहिल्यात इंजिनाच्या पावणेतीन फेऱ्यांना एक फेरा आणि रिव्हर्समध्ये चार फेऱ्यांना एक.

@कृष्णाकाठ, धागा उत्तम पण तुमच्या वादात एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटलीय आणि ती मला सगळ्यात भारी वाटते. तुम्ही ज्या दोन गाड्यांना दोन टोकांना उभं केलंय त्यांचा गिअरबॉक्स एकाच घराण्यातला आहे. टीमध्ये प्लॅनेटरी गिअर आहेत, म्हणजे दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच, ती सरकवायची नाहीत. बाहेर तीन ड्रम आणि प्रत्येक ड्रमभोवती सुती लायनिंगचा एक पट्टा. पेडल दाबलं की तुमच्या पायाच्या जोराने तो पट्टा ड्रमला आवळतो, ड्रम थांबतो, आणि कुठला ड्रम थांबला त्यावर गाडी पुढे का मागे का जागेवर ते ठरतं. तेव्हाच्या बाकी गाड्यांत गिअर टाकताना दात घासून खरखराट व्हायचा, शिकायला महिना जायचा. टी मध्ये तो प्रश्नच मिटवला, म्हणून तर आयुष्यात बैलगाडी आणि घोडागाडीच हाकलेली माणसं एका दिवसात ती चालवायला लागली.

आता बेल एअर. तुम्ही बसलात तिला पॉवरग्लाइड असणार, तो शेवरलेने १९५० ला आणला. त्यालाही दोनच गिअर पुढचे, तेही प्लॅनेटरी, आणि लो गिअरसाठी त्यातही ड्रमभोवती पट्टाच. फक्त पट्टा आवळायचं काम पायाऐवजी ऑइलचं प्रेशर करतं आणि इंजिन न गिअरबॉक्सच्या मधे क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे ऑइलमधून इंजिनाचा जोर पुढे देणारा भाग. त्यामुळे टीने चालवणाऱ्याला शहाणा धरलं हे मला पटत नाही. १९०८ च्या मानाने टी हीच सोपी गाडी होती. हेन्री फोर्डलाही चालवणाऱ्याचं ओझं कमीच करायचं होतं, त्याच्या हातात तेव्हा पायाइतका विश्वासाचा दुसरा काही इलाज नव्हता.

कृष्णाकाठ :

@चौदाचा_पाना, हे वाचून दाखवलं बाबांना. जेवण थांबवून दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पट्टा आहे हे मला दिसलं होतं, तो दुसऱ्या गाडीतपण आहे हे माहीत नव्हतं."

टेक्सासकर :

माझ्याकडे ५७ ची बेल एअर आहे, दोन दरवाजांची, सहा वर्षं झाली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

लोक पंख आणि क्रोम बघतात, पण गाडीचा खरा जीव त्या इंजिनात आहे. शेवरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही८ १९५५ ला आलं, शेवरलेचा मुख्य इंजिनिअर एड कोल आणि त्याच्या माणसांनी बनवलं, आधी २६५ घनइंच आणि ५७ ला २८३. व्ही८ म्हणजे जड आणि महाग अशीच समजूत होती तोवर. यांनी ब्लॉकच्या भिंती पातळ ओतल्या, रॉकरसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या दांड्यांसाठी, लांब शाफ्ट ठेवलाच नाही, प्रत्येक रॉकर पत्र्यातून दाबून काढलेला आणि स्वतःच्या वेगळ्या बोल्टवर बसवलेला, वरचं ऑइल रॉकरला खालून ढकलणाऱ्या पोकळ पुशरॉडमधूनच चढतं. भाग कमी, वजन कमी, खर्च कमी. ५७ ला त्याच २८३ ला फ्युएल इंजेक्शन लावून २८३ हॉर्सपॉवर काढली, घनइंचाला एक. माझ्या गाडीत ते नाही, साधा कार्बोरेटर आहे. या घराण्यातली इंजिनं जनरल मोटर्सने नंतर बनवतच राहिली, २०११ मध्ये दहा कोटीवं बाहेर पडलं. टी दीड कोटीवर थांबली, हे इंजिन नाही थांबलं. शिवाय टी उघडी आणि बेल एअर बंद असं म्हणणं चूक आहे. माझं बोनेट उघडा, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात कोपरापर्यंत जातो. मी आयटीतला माणूस, आयुष्यात पाना धरला नव्हता, याच गाडीवर शिकलो.

कुणाला घ्यायची असेल तर एकच कळकळीची विनंती, सोबत चुंबक घेऊन जा. माझ्या गाडीचा रंग आरशासारखा होता, विकणाऱ्याने फोटो दाखवले, मी भुललो. घरी आणून हेडलाइटच्या वरच्या भुवयांवर चुंबक लावला तर पडला खाली. आत पत्रा नव्हताच, पुट्टी भरून रंग मारलेला. खालचे उंबरे आणि डिकीचा तळ तसाच. सगळं कापून नवीन पत्रा वेल्ड करण्यात दीड वर्ष गेलं. पत्रे मिळतात सगळे, अख्खी बॉडीसुद्धा नवी कोरी मिळते या गाडीची. इंजिनाचे हेड उतरवले तेव्हा कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या, कारण ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली आणि ते आता मिळत नाही.

सध्या एक कटकट आहे, सकाळी सुरू केली की टक टक टक आवाज येतो, गरम झाल्यावर कमी होतो पण पूर्ण जात नाही. बाबांना विचारा ना.

जुना_शिवडीकर :

मुंबईचा विषय निघाला नाही अजून म्हणून लिहितो. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत, आमच्या शिवडीला, शेवरले जोडायचा कारखाना चालवला होता. सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि गाड्या ट्रक इथे उभे राहायचे. फोर्डचंही मुंबईत जोडणीचं काम होतं. सरकारने धोरण बदललं, नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा राहिली नाही आणि १९५४ मध्ये दोघांनीही गाशा गुंडाळला. म्हणजे ५७ ची बेल एअर शिवडीत जोडली जाणं शक्यच नव्हतं, आपल्याकडे ज्या कुणी बघितल्या त्या बाहेरून तयार आलेल्या. शेवरले म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यासमोर येते ती आधीची, फुगीर मडगार्डची. आणि टॅक्सीत दिसायच्या त्या डॉज आणि प्लिमथ कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जोडलेल्या, वालचंद हिराचंदांचा कारखाना, ते क्रायसलरबरोबर होते.

माझे आजोबा शिवडीच्या कारखान्यात फिटर होते. घरात त्यांची एक पेटी आहे, त्यात इंचाचे पाने. मिलिमीटरचा पाना त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही.

आयोवा_मुक्कामी :

मी आयोवात शेतांच्या मधोमध राहते आणि मला या दोन्ही गाड्यांकडे शेतकऱ्याच्या घरातून बघावंसं वाटतं. आमच्या शेजारच्या आजींच्या घरी टी होती, त्यांच्या सासऱ्यांची. मागचं एक चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचे आणि लाकूड कापायची करवत चालवायचे, पाणी उपसायचे, दाणे दळायचे. थंडीत ऑइल इतकं घट्ट व्हायचं की न्यूट्रलला असूनही क्लच चिकटून राहायचा आणि हँडल मारताच गाडी अंगावर यायला बघायची, म्हणून मागचं चाक जॅकवर चढवूनच सुरू करायची. हे सगळं आजी अगदी काल घडल्यासारखं सांगतात. त्यांच्या सासूबाईंना गावात जायला त्याआधी दिवस मोडावा लागायचा. म्हणून मला टी मोठी वाटते, तिने घराबाहेर काढलं माणसांना. बेल एअर आली तेव्हा रस्ते होते, पंप होते, १९५६ ला हायवेचा कायदाही झालेला. टी आली तेव्हा चिखल होता. म्हणून तर ती एवढी उंच आणि लवचिक, पुढे मागे स्प्रिंगचा एकेक आडवा पाटा, एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असलं तरी चौकट पिळवटून चालत राहायची.

आणि पैशांचं कुणी बोललंच नाही. फोर्डला उधारी आवडत नव्हती. १९२३ ला त्याने योजना काढली त्यात दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे आणि पूर्ण भरल्यावर गाडी घ्यायची, आपल्याकडच्या सोनाराच्या हप्त्यांसारखी. जनरल मोटर्सने १९१९ पासूनच कर्ज द्यायला सुरुवात केली होती, गाडी आज न्या पैसे नंतर. लोक तिकडे गेले.

चौदाचा_पाना :

@आयोवा_मुक्कामी, अगदी बरोबर, आणि टीला संपवलं कुणी ते बघा. विल्यम नुडसेन, फोर्डच्या कारखान्यांची उभारणी करणारा डेन्मार्कचा माणूस, १९२१ ला फोर्ड सोडून गेला आणि १९२४ पासून शेवरलेचा मुख्य झाला. फोर्ड १९१४ ते २५ फक्त काळाच रंग देत होता, शेवरले रंग देत होती, सरकणारे तीन गिअर देत होती. १९२७ ला शेवरलेने फोर्डला मागे टाकलं. दरवर्षी नवं रूप द्यायचं, मालकाला जुनी गाडी जुनी वाटायला लावायची, हे तिथूनच वाढत वाढत ५७ च्या पंखांपर्यंत आलं. ५५, ५६, ५७ तिन्ही वर्षं गाडीचा सांगाडा तोच, रूप बदललेलं. आणि गंमत बघा, ५७ च्या मॉडेल वर्षात जास्त गाड्या फोर्डने बनवल्या, लोकांना बेल एअर तेव्हा जुनी वाटत होती. तिचं कौतुक नंतर वाढलं.

माझी तक्रार सुरक्षेची आहे आणि ती दोघींबद्दल आहे. टीचं पेडल ब्रेक गिअरबॉक्सच्या आतल्या ड्रमवर. मागचा शाफ्ट तुटला तर पेडल दाबून उपयोग नाही, मग हातब्रेक, तोही फक्त मागच्या चाकांना. पुढे ब्रेकच नाही. पण ती धावायची ताशी ६५-७० किलोमीटर फार तर. बेल एअर त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते आणि तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेक ऑइलची एकच लाईन, ती फुटली की चारही गेले. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल लाकडासारखं होतं आणि गाडी थांबत नाही. सीटबेल्ट पैसे देऊन घ्यायचा, आणि स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला. २००९ ला अमेरिकेत १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवून बघितली होती. जुन्या गाडीत ड्रायव्हरची जागाच चेपली, नवीत माणूस पायाच्या दुखापतीवर सुटला असता. ५९ चा सांगाडा वेगळा आहे हे मान्य, पण ५७ वाल्यांनी निश्चिंत राहू नये. @टेक्सासकर, पुढे डिस्क ब्रेक आणि दोन लाईनचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा) बसवा हो, मूळ रूपाचा हट्ट तेवढ्यापुरता सोडा.

टेक्सासकर :

बसवलाय. मुलं बसतात मागे, त्याच्याशी तडजोड नाही. बेल्टही चार लावलेत.

गुलमोहर :

मी आपली वाचता वाचता टीकडून बेल एअरकडे आणि परत टीकडे जातेय. पण चारही ब्रेक एकदम जातात हे वाचून मी आता टीच्या बाजूला. हळू पळणारी बरी.

कृष्णाकाठ :

@टेक्सासकर, बाबांचं उत्तर जसं सांगितलं तसं लिहितो :

"आधी ऑइल किती आहे, कधी बदललंय ते बघ. मग इंजिन चालू ठेवून लांब पेचकस घे, टोक रॉकरच्या झाकणावर एकेका जागी टेकव आणि मूठ कानाला लाव. ज्या जागी टक टक मोठी येईल तो टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग). सगळे हलवू नको, तेवढाच बघ. गॅप किती ठेवतात ते विचारून घे, मला या गाडीचं माहीत नाही."

आणि वादाचं. काल मी त्यांना डिअरबॉर्नला ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये घेऊन गेलो, तिथे टीमधून चक्कर मारून आणतात. बाबा पुढे बसले. ड्रायव्हरने उतारावर ब्रेकच्या ऐवजी मधलं पेडल, म्हणजे रिव्हर्सचं, हळूच दाबलं, तर बाबा एकदम मागे वळून मला म्हणाले, "बघितलंस का, ब्रेकचा पट्टा वाचवतोय." घरी येईपर्यंत तेच. टीमध्ये पेडल दाबलं की पट्टा ड्रमला आवळतो हे चौदाचा_पाना यांनी लिहिल्यामुळेच त्यांना लगेच उमगलं. तरी मत बदललेलं नाही, बेल एअरच. मी पण टीच. फक्त पाहुणा हा शब्द मी मागे घेतो, टेक्सासकरांचं दीड वर्षाचं वेल्डिंग वाचल्यावर तो चुकीचा वाटतो.

टेक्सासकर :

बाबांना नमस्कार सांगा. पेचकस कानाला लावला, डाव्या बाजूचा तिसरा रॉकर निघाला. माझ्या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, टॅपेट आहेत त्यामुळे गॅप ठेवायची नसते, इंजिन गरम करून चालू ठेवूनच नट सैल करत जायचं आवाज येईपर्यंत, मग आवाज थांबेपर्यंत आवळायचं आणि वर एक फेरा. ऑइल हातभर उडालं, खाली जुने टॉवेल घातले होते. आज सकाळी थंड गाडी सुरू केली. आवाज नाही.

कृष्णाकाठ :

सांगितलं. "एक फेरा का?" असं विचारतायत. लिहा सविस्तर, समोर बसलेत.